आईला वेड लागलेलं नाही

‘डोक्याचं ऑपरेशन केलं आणि बाई वेडी झाली, कोणी करू नका’ असा निरोप आमच्या डिचोलीत व्हॉट्सॲपवर फिरतोय. ती बाई माझी आई. हे साफ चुकीचं आहे.

तिच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीचा फुगा ऑपरेशनच्या आधीच फुटला होता. ऑपरेशनमध्ये त्या फुग्यावर क्लिप, म्हणजे बारीक चिमटा, बसवली ती पुन्हा रक्तस्राव होऊ नये म्हणून. फुगा होता मेंदूच्या पुढच्या भागात, दोन बाजूंच्या धमन्या जोडणाऱ्या वाहिनीवर. तिथल्या बारीक फांद्यांचं रक्त स्मरणाशी जोडलेल्या भागांना जातं. ऑपरेशनचाही ताण पडतो, ते मी नाकारत नाही.

काल अंथरुणातच ती म्हणाली, “आत्ताच म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आले, सुकी सुंगटं आणलीत.” ती खोटं बोलत नाही, आठवणीतली रिकामी जागा मेंदू आपोआप भरतो. असा गोंधळ बऱ्याच जणांचा काही महिन्यांत कमी होतो, काहींचा थोडा उरतो. मात्र तो अचानक वाढला, तर वाट बघू नये: रक्तवाहिन्या आकसणं, डोक्यात पाणी साठणं, रक्तातलं सोडियम (मिठातला क्षार) उतरणं अशी कारणं असतात आणि त्यांवर उपचार आहेत.

भेटायला जरूर या. फक्त “मला वळखलंस?” असं विचारू नका. आपलं नाव सांगा आणि तिच्याजवळ बसा.