फ्रेडी सोडून सगळे बोलले

माझं एक साधं निरीक्षण आहे, डॉक्युमेंट्रीच्या पहिल्या मिनिटात ड्रोन उडाला की समजायचं यांच्याकडे सांगायला फारसं काही नाहीये. परवा रात्री टीव्हीवर फ्रेडी मर्क्युरीवरची, म्हणजे 'क्वीन' या इंग्लंडातल्या रॉक बँडच्या गायकावरची, एक डॉक्युमेंट्री लागली होती (चॅनलचं नाव घेत नाही, उगाच फुकट जाहिरात कशाला) तिच्यात पहिल्या मिनिटात ड्रोन दोनदा उडाला. एकदा लंडनवरून आणि एकदा कुठल्यातरी समुद्रावरून. समुद्र कुठला ते शेवटपर्यंत कळलं नाही, झांझिबारचा म्हणावा तर पाणी काळं आणि लंडनचा म्हणावा तर लंडनला समुद्रच नाही.

आता मी मूळचा वाईचा, त्यामुळे फ्रेडी म्हणजे आमच्या घरगुती अभिमानाचा विषय. पसरणीचा घाट चढला की पाचगणी, आणि तिथल्या सेंट पीटर्स शाळेत हा पोरगा वयाच्या आठव्या वर्षी आला तो मिसरूड फुटेपर्यंत होता. वाईत कुठल्याही चार म्हाताऱ्या माणसांत जाऊन बसा, एकाने तरी फ्रेडीला पाचगणीच्या बाजारात बघितलेलं असतंच, शिवाय "मी तेव्हाच म्हटलं होतं" हेही असतंच. या सगळ्यांनी खरंच बघितलं असेल तर हा वर्गात कधी बसायचा देव जाणे. असो. सांगायचं म्हणजे आठवडाभर प्रोमो चालू होता, 'जगाला माहीत नसलेला फ्रेडी', भरदार आवाजात, आणि आमच्याकडे जेवणं लवकर उरकून, आईची खुर्ची पुढे ओढून, बायको, मुलगी आणि मी असे सगळे जण तयारीत बसलो.

पाचगणी आली. म्हणजे आली असं मी समजतो, कारण सतार वाजायला लागली. मग एक उंट गेला. मग एका बाईने डोक्यावरून हंडे नेले, मागे वाळू. निवेदक म्हणाला की लहानग्या फरोख बलसाराला (हे फ्रेडीचं खरं नाव) दूरच्या एका गूढ देशात पाठवण्यात आलं, आणि तेवढ्यात लंडनचा पाऊस सुरू झाला. संपलं! आई म्हणाली, "अरे, पाचगणीत उंट कधी आले?" मी म्हटलं टेबललँडवर घोडे असतात गं, उंट नाही. "तेच म्हणते मी. आणि ती वाळू?" आता आईला काय सांगू, की साहेबाच्या एडिटरला भारत म्हटलं की राजस्थानचं एकच क्लिप सापडतं आणि सह्याद्रीतला जुलैचा पाऊस दाखवला तर प्रेक्षकाला वाटेल गाडी परत इंग्लंडलाच आली.

चीड कशाची आली सांगतो. खरी गोष्ट तिथेच तर होती ना. झांझिबारमध्ये १९४६ साली जन्मलेला पारशी मुलगा, वडील तिथल्या कोर्टात कॅशियर, बोटीने हजारो मैल लांब बोर्डिंगमध्ये धाडलेला, तिथे पियानो शिकला, रेडिओवर ऐकलेलं गाणं लगेच पियानोवर वाजवून दाखवायचा असं वर्गमित्र आजही सांगतात, फरोखचा फ्रेडी तिथेच झाला, आणि १९५८ मध्ये शाळेतल्या पोरांबरोबर त्याने 'द हेक्टिक्स' नावाचा बँडसुद्धा तिथेच काढला. सातारा जिल्ह्यात! १९५८ ला! आमच्याकडे तेव्हा गल्लीत एका घरी रेडिओ असला तरी त्या घराला मान होता. पण नाही, यांना हे नको. यांना पार्ट्या हव्यात.

आणि पार्ट्यांबद्दल सांगायला माणसं तरी किती. एक 'सांस्कृतिक समीक्षक', एक 'सेलिब्रिटी तज्ज्ञ', एक पत्रकारबाई आणि एक असा गृहस्थ ज्याच्या नावाखाली फक्त 'चाहता' लिहिलं होतं, हे सगळे चामड्याच्या सोफ्यावर, मागे रेकॉर्डची मांडणी, बाजूला मंद दिवा. यातला एकही जण फ्रेडीला भेटलेला नव्हता. समीक्षक तर इतका तरुण की 'लाइव्ह एड' (मदतनिधीसाठीचा तो गाजलेला संगीताचा कार्यक्रम) झालं तेव्हा मी जन्मलो नव्हतो पण मला ते 'जाणवतं' असं म्हणाला. मुलगी म्हणाली, "बाबा, मग मीपण तज्ज्ञ आहे." म्हटलं आहेसच, सोफा कमी पडतोय आपल्याकडे.

बरं गाणी? गाणी नाहीतच! एक गाणं धड वाजलं नाही. मागे सतत कुठलीतरी गिटार 'क्वीन'सारखी वाटेल न वाटेल अशी वाजत होती, चाल लागतेय लागतेय असं वाटायचं आणि भलतीकडेच जायची. त्याचं कारण मला माहितीये, टीव्हीवर गाणं वापरायचं तर रचनेच्या हक्कांचे पैसे वेगळे आणि त्या मूळ रेकॉर्डिंगचे वेगळे, आणि क्वीनची गाणी काही स्वस्तात मिळत नसणार. पण मग पैसे नव्हते तर गायकावर डॉक्युमेंट्री करायचा नवस कोणी बोलला होता? एखाद्या गप्प बसणाऱ्या माणसावर करायची. म्हणजे लग्नाला गेलो, पंगत झाली, आहेर झाले, व्याह्यांची भांडणंसुद्धा झाली आणि नवरानवरी काही दिसले नाहीत, असला प्रकार.

नवरदेवाऐवजी एक बदली माणूस मात्र होता. फ्रेडीचं काम करणारा नट, पाठमोरा, स्लो मोशनमध्ये एका बोळातून चालतोय. दर दहा मिनिटांनी तोच बोळ. निवेदक सांगतोय की ही १९७४ ची गोष्ट आणि नट वळतो तर ही भली मोठी मिशी. मुलीने फोनमधून डोकं वर काढलं, "मिशी १९८० मध्ये ठेवली ना त्याने? तेव्हा तर लांब केस होते." अकरावीतल्या पोरीला माहितीये ते यांच्या रिसर्च टीमला माहीत नाही. बायको म्हणाली, अगं एकच मिशी भाड्याने आणली असेल, दिवसाचं भाडं लागत असेल, घेतली सगळीकडे लावून.

ब्रेकबद्दल काय बोलावं. ब्रेकच्या आधी 'पुढे काय बघाल', ब्रेकनंतर 'आत्तापर्यंत काय बघितलंत', आणि मधे जे बघायचं ते इतकं थोडं की आई दर ब्रेकनंतर विचारायची हे रिपीट लागलंय का. बाथरूमच्या टाइल्सची जाहिरात मला आता तोंडपाठ आहे, आणि खरं सांगतो, तिचं संगीत डॉक्युमेंट्रीपेक्षा बरं होतं.

'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' या क्वीनच्या सगळ्यात गाजलेल्या गाण्याची पाळी आली तेव्हा मी सरसावून बसलो, म्हटलं आता तरी. तर पडद्यावर वीज चमकली, निवेदक म्हणाला, "आणि मग प्रतिभेचा स्फोट झाला." बस! अरे कसला स्फोट? १९७५ साली या गाण्यातल्या त्या ऑपेरासारख्या भागासाठी फ्रेडी, बँडमधला गिटारवादक ब्रायन मे आणि ड्रमर रॉजर टेलर या तिघांनी रोज दहा-दहा बारा-बारा तास गाऊन आवाजावर आवाज चढवलेत, तीन आठवडे तेवढ्याच तुकड्यात गेले, टेप इतकी वेळा फिरली की झिजून आरपार दिसायला लागली होती म्हणतात. तीन माणसांचं आख्खं कोरस झालं ते असं. त्यात गाणं जवळजवळ सहा मिनिटांचं, एवढं लांब रेडिओवर कोण लावणार म्हणून कंपनीवाले कुरकुरत होते आणि नंतर तेच गाणं इंग्लंडात सलग नऊ आठवडे पहिल्या नंबरवर. ही एवढी हमाली, घासाघीस, हट्टीपणा दाखवायला मस्त गोष्ट होती, पण प्रतिभा म्हटलं की वीज दाखवली आणि सुटले. वीज फुकट मिळते ना.

ब्रायन मे बिचारा दोनदा फोटोत आला, खाली नुसतं 'गिटारवादक'. मुलीने फोनवरून वाचून दाखवलं की याने ती गिटार वडिलांबरोबर घरी बनवली, मान जुन्या फायरप्लेसच्या लाकडाची, वाजवतो प्लेक्ट्रमऐवजी (तारा छेडायची ती छोटी चकती) सहा पेनीच्या नाण्याने, आणि बँडपायी सोडलेली खगोलशास्त्रातली पीएचडी २००७ मध्ये पुरी केली. पूर्ण संध्याकाळीत आई पहिल्यांदा खूश झाली. "बघ, साठीला पीएचडी पुरी केली त्याने. तुझं एमफिल अजून राहिलंय." मी रिमोट शोधायला लागलो.

'लाइव्ह एड'ला ड्रोन परत आला. १३ जुलै १९८५, वेम्ब्ली स्टेडियम, बहात्तर हजार माणसं असं निवेदक सांगतोय आणि खाली दिसतंय ते रिकामं स्टेडियम, वर ती मोठी पांढरी कमान. आता कमानीचं वेम्ब्ली हे नवीन, २००७ मध्ये उघडलेलं, फ्रेडी गायला ते जुनं यांनी कधीच पाडलंय. म्हणजे उंट चुकीचा, मिशी चुकीची, आता मैदानही चुकीचं.

शेवटची पंधरा मिनिटं त्याच्या आजारपणाची. इथे मात्र मला हसू आलं नाही. २३ नोव्हेंबर १९९१ ला त्याने एड्स असल्याचं जाहीर केलं आणि दुसऱ्या दिवशी गेला, ४५ वर्षांचा होता. शेवटच्या महिन्यांत उभं राहवत नसतानाही स्वित्झर्लंडात माँट्रोच्या स्टुडिओत तो गात होता, काहीही लिहून द्या मी गातो म्हणायचा असं ब्रायन मेनेच सांगितलंय. यातलं काही नाही. घराच्या गेटवर झूम, करुण पियानो, आणि मग 'अस्थी कुठे आहेत?' म्हणून लंडनचा नकाशा, नकाशावर लाल टिंबं. त्या माणसाने ती जागा गुप्त ठेवायला सांगितली होती हो. आईने विचारलं, पारशी पद्धतीने केलं का त्याचं शेवटचं? केलं होतं, पारशी धर्मगुरूंनी प्रार्थना म्हटल्या होत्या. हे मी सांगितलं, टीव्हीने नाही.

नामावली एका कोपऱ्यात औषधाच्या बाटलीवरच्या अक्षरांत सरकत होती आणि उरलेल्या पडद्यावर पुढच्या आठवड्याचा प्रोमो, 'जगाला माहीत नसलेला' अजून कोणीतरी. मुलीने काही न बोलता फोन टीव्हीला जोडला आणि खरा लाइव्ह एड लावला. पांढरा बनियन, दंडाला पट्टा, हातात तो अर्धाच माइकचा दांडा. एकवीस मिनिटं. मधे तो लोकांकडून आवाज काढून घेतो ना, एऽऽओ करून, तिथे बायको आणि मुलगी ओरडल्या, आणि दुसऱ्या वेळेला आईसुद्धा. किशोरीताईंच्या मैफिली ऐकलेली बाई, सूरही बरोबर लागला तिचा.

तेवढ्यात खालच्या काकांचा फोन आला, अहो साडेअकरा वाजलेत, आवाज कमी करा. मी सॉरी म्हणणार इतक्यात आईने फोन ओढून घेतला आणि म्हणाली, "भाऊसाहेब, पाचगणीच्या शाळेतला मुलगा आहे, दोन गाणी राहिलीत, वर या हवं तर."

आले. बनियनवरच आले.