खुलासा: अणुकेंद्रांची यादी ‘फुटलेली’ नाही

‘सरकारनं आपल्या अणुकेंद्रांचे पत्ते पाकिस्तानला देऊन टाकले!’ हा मेसेज जानेवारी उजाडला की फिरतो. तो अर्धा खरा आहे, म्हणूनच पटकन पटतो.

दरवर्षी 1 जानेवारीला यादी दिली जाते, पण त्याच दिवशी त्यांचीही घेतली जाते, दिल्ली आणि इस्लामाबादेत एकाच वेळी. एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही, हा करार राजीव गांधी आणि बेनझीर भुट्टो यांच्या काळात, 31 डिसेंबर 1988 रोजी झाला. 1991 मध्ये तो लागू झाला आणि 1 जानेवारी 1992 रोजी पहिल्या याद्या दिल्या-घेतल्या गेल्या. 2025 ची खेप 34वी. मधल्या काळात कारगिल झालं, संसदेवर हल्ला झाला, 26/11 झालं, बालाकोट झालं. एकही वर्ष चुकलं नाही.

यादीत अणुभट्ट्या, इंधन प्रकल्प वगैरे येतात, अक्षांश-रेखांशांसह. अण्वस्त्रं कुठे ठेवलीत, हे हा करार विचारत नाही. आणि तारापूरची अणुभट्टी कुठे आहे हे काय गुपित आहे? बोईसरला उतरून कुणालाही विचारा.

आता दुसऱ्या टोकाचा मेसेज: ‘म्हणजे पाकिस्तान शब्द पाळतो.’ तसंही नाही. फेब्रुवारी 1999 मध्ये शांततेचं वचन देणाऱ्या लाहोर जाहीरनाम्यावर दोन्ही देशांच्या सह्या झाल्या आणि मे महिन्यात कारगिलच्या शिखरांवर घुसखोर सापडले. शिवाय यादी खरी की अपुरी, हे तपासायची सोयच या करारात नाही. तो टिकला तो भरवशावर नव्हे. अणुभट्टी फुटली तर किरणोत्सार सीमा पाहत नाही, हे दोघांनाही कळतं म्हणून.