'तापीकाठचा' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

'तापीकाठचा' या नावाने लिहिणारे भाऊ,

थेरपीवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया रात्री दुकान आवरताना वाचली. लगेच उत्तर लिहायला बसलो होतो, घरची म्हणाली, सकाळी लिहा. सकाळीही राग तेवढाच आहे, तेव्हा सांभाळून घ्या.

ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. भाऊ म्हणतात: "पैसे देऊन अनोळखी माणसापुढे रडगाणं गाण्यापेक्षा संध्याकाळी पारावर बसा, मन आपोआप मोकळं होतं. आमच्या बापजाद्यांनी बहात्तरचा दुष्काळ काढला, त्यांना कुठे थेरपी लागली? हे खात्यापित्या घरचे चोचले." शिवाय तालुक्याला असा माणूस मिळतो कुठे आणि मजुराने त्याची फी कुठून भरायची, असंही विचारलंय.

मतभेदाचं मला काही वाटत नाही. माझं कृषी केंद्र आहे. पिकावरचं औषध चाललं नाही म्हणून रोज कोणी ना कोणी तोंडावर बोलून जातं. पण ते नाव-गाव असलेलं माणूस असतं आणि समोर उभं राहून बोलतं. तुम्ही टोपणनावाआडून "रडगाणं" म्हणता. आणि माझं घर खातंपितं हे कशावरून ठरवलंत? दुकान आहे म्हणून? फळीवरचा माल कंपनीचा असतो आणि पैसा उधारीच्या वहीत. माझ्या हातात काय, तर गल्ल्याची किल्ली.

आता पाराचं. रावेर तालुक्यात माझा जन्म गेला, मला पार शिकवू नका. आमच्या पारावर संध्याकाळी जी मंडळी बसतात त्यातल्या निम्म्यांची नावं माझ्या वहीत आहेत. त्यांच्यापुढे मी म्हणायचं, मला रात्र रात्र झोप नाही, छातीत धडधडतं? सकाळपर्यंत गावात बातमी, दुकान बसलं. दुपारी डिस्ट्रिब्युटरचा फोन, शेठ, मागचं बिल आधी क्लिअर करा. ज्यांच्याकडून येणं आहे ते आणखी निवांत होणार, बुडत्याला कोण परत करतो! तरी एकदा मी थोडं बोलून पाहिलं. एकाने लगेच विचारलं, कोणाचं देणं आहे? दुसऱ्याने ओवा आणि काळं मीठ सांगितलं. तिसऱ्याने विषय बदलून बोर्डाचा, म्हणजे केळीचा जाहीर होणारा भाव काढला, आणि मग सगळे त्यातच. त्यांचा दोष नाही. केळीचा भाव पडला होता, बोर्डावर एक लागायचा आणि व्यापारी बागेत येऊन त्याच्या किती तरी खाली मागायचा. जो तो आपल्या घोरात.

ईसीजी झाला, इको झाला, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, टेन्शन घेऊ नका. कसं घेऊ नये ते काही त्यांनी सांगितलं नाही. शेवटी जळगावला एका समुपदेशक बाईंकडे गेलो. माझ्यापेक्षा वयाने लहान. त्यांनी आधी रिपोर्ट पाहिले, दमा-बीपी विचारलं, आणि म्हणाल्या, आता माझ्याबरोबर मिनिटभर जोरजोरात श्वास घ्या. घेतला. थोड्या वेळात बोटांना मुंग्या, ओठ बधिर, डोकं गरगरायला लागलं. दुकानात मला जे व्हायचं आणि मी "गेलो आता" म्हणून खाली बसायचो, हुबेहूब तेच! जोरात श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्याने मुंग्या येतात, गरगरतं. माणूस घाबरतो, घाबरला की श्वास आणखी वाढवतो. हृदयाचा त्यात काही संबंध नसतो. नुसतं सांगितलं असतं तर मला पटलं नसतं. बाईंनी माझ्याच बोटांना मुंग्या आणून दाखवल्या. हे पारावर कोण करतं, सांगा की.

मग गृहपाठ. वहीच्या मागच्या पानांवर रकाने पाडायचे: काय झालं, मनात काय आलं, भीती शंभरात किती, पुरावा काय. माझी पहिली नोंद अशी होती. काय झालं, एका मोठ्या गिऱ्हाइकाने फोन उचलला नाही. मनात काय आलं, हा पैसे बुडवणार, मग मी कंपनीचे देऊ शकणार नाही, मग दुकान जाणार. भीती, नव्वद. पुराव्याच्या रकान्यात लिहायला बसलो तर लिहायला काहीच नाही. तो माणूस दुपारी वावरात असतो आणि फोन मोटारसायकलच्या डिक्कीत असतो, हे मला आधीपासून माहीत होतं.

याला रडगाणं म्हणतात होय? त्या खोलीत मी रडलो नाही. रडलो असतो तरी तुमचं काय गेलं असतं?

आणि हे मुंबई-पुण्याचं नवं खूळ नाही. मनातले विचार असे तपासून पाहायची ही पद्धत, सीबीटी, आरोन बेक या मानसोपचारतज्ज्ञांनी १९६०च्या दशकात अमेरिकेत मांडली. त्याच्याही आधी अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञांनी जी विवेकनिष्ठ उपचारपद्धती सुरू केली, ती कि. मो. फडके यांनी मराठीत आणून कितीतरी वर्षं झाली. तुमच्या कानावर आलं नाही, एवढंच.

बापजाद्यांना लागली नाही म्हणता. लागली नाही की मिळाली नाही? माझे एक काका बहात्तरनंतर हळूहळू बोलायचे थांबले. ओट्यावर बसून राहायचे, जेवायला हाक मारली तर उठायचे, नाहीतर तसेच. घरात सगळे म्हणायचे, त्याचं असंच आहे. मी पोरगा होतो, मलाही तेच खरं वाटायचं. गावात विचाराल तर आजही लोक सांगतील, भला माणूस होता, कधी कोणाला त्रास दिला नाही. तुमच्या हिशेबात ते दुष्काळ काढलेल्यांत धरले जातात. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या सरकारी संस्थेने २०१५-१६मध्ये बारा राज्यांत पाहणी केली. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण आपल्या खानदेशाचे दोन्ही शेजारी, गुजरात आणि मध्य प्रदेश, होते. चिंता-नैराश्यासारख्या आजारांच्या शंभर रुग्णांमागे ८५ जणांना उपचारच मिळत नाहीत, असं त्यात निघालं. हे ८५ काय चोचले करत होते?

एक मान्य करतो. बोलल्याने मन हलकं होतं, यात तुमचं बरोबर आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर गाणी म्हणतात, त्यात सासूचंही निघतं आणि नवऱ्याचंही. माझी बहीण त्या चार दिवसांत वेगळीच दिसते. पण आखाजी वर्षातून एकदा येते, आणि पुरुषाला तर झोकाही नाही.

फीचं आणि अंतराचं म्हणाल तर १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या फोन-सेवेचा सरकारी नंबर आहे, २०२२पासून चालू आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. जळगाव आणि धुळ्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजांत मानसोपचाराची ओपीडी आहे. बाकी सरकारने काय करायला हवं यावर मी कृषी केंद्रवाला काय बोलणार! तो प्रश्न तुम्ही आमदारांना विचारा.

आणि बाईंना गावातल्या कोणी माझ्याबद्दल काही विचारलं तरी त्या सांगू शकत नाहीत. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मध्ये गुप्ततेचा हक्क लिहिलेला आहे. पारावर कोणता कायदा लागू आहे ते कळवा.

पुढचा लेख फळपीक विम्यावर लिहितोय. त्याखाली काय हाणायचं ते हाणा, पण भाऊ, नाव टाकून.