‘टेकडी सोडू नका’ म्हणणाऱ्यांना

नेपोलियनच्या काळातले वॉरगेम, म्हणजे पटावर फाशांनी खेळायच्या लढाया, खेळणाऱ्यांत एक सल्ला सारखा फिरत असतो. माघार घेणाऱ्या सैन्याची पिछाडी सांभाळायची बाजू वाट्याला आली आणि समोर दुप्पट-तिप्पट फौज असली, की पटावरची सगळ्यात भक्कम टेकडी धरा आणि शेवटच्या बटालियनपर्यंत हलू नका. मागे सरकणं म्हणजे शत्रूला फुकटचे बळी. तोफा आधीच मागे पाठवा, गेल्या तर गुण जातात. घोडदळ राखून ठेवा. आणि एवढं करून हरलात तरी वाईट वाटून घेऊ नका, दुबळ्या बाजूनं हा डाव हरायचाच असतो.

यातली गुणांची गोष्ट खरी. बाकीचं एकेक करून बघू.

आधी टेकडी. 17 ऑगस्ट 1808, पोर्तुगालमधलं रोलिसा. फ्रेंच सेनापती देलाबोर्दकडे चार-साडेचार हजार माणसं. समोर इंग्रज सेनापती वेलस्ली (असईची लढाई जिंकणाराच तो, पाच वर्षांनंतरचा; पुढे वेलिंग्टन म्हणून ओळखला गेला) सुमारे 15 हजारांनिशी. त्यानं फौजेचे तीन भाग केले: मधला समोरून, कडेचे दोन वळसा घालून. देलाबोर्द पहिल्या टेकडीवर थांबला, पण किती? समोरची फौज लढाईसाठी पसरून उभी राहीपर्यंत. वळसा पुरा व्हायच्या आत तो मागच्या, जास्त चढाच्या डोंगरकडेवर निघून गेला. वेलस्लीला सगळी मांडामांड पहिल्यापासून करावी लागली.

या डावातली कमाई ती हीच. चालून येणारं सैन्य रस्त्यावरून लांबलचक रांगेत येतं. लढायचं तर त्याला पसरावं लागतं, त्यात टर्न (खेळातल्या पाळ्या) जातात. तुम्ही निघून गेलात की पुन्हा रांगेत यायला आणखी टर्न. टेकडीवर चिकटून बसलात तर शत्रूला हा खर्च एकदाच. तीन जागा बदलल्यात तर तीनदा. फाशांनी पडलेले त्याचे शिपाई हा वरचा नफा.

दुसऱ्या जागी तर इंग्रजांचाच घोळ झाला. 29 वी पलटण घाईनं एका घळीतून वर चढली आणि तिचा कर्नल जॉर्ज लेक तिथेच पडला. हा त्या जनरल लेकचा मुलगा, ज्यानं 1803 मध्ये लासवारीला शिंद्यांच्या पलटणींशी झुंज घेतली. त्या लढाईत बापाला आपला घोडा देताना हा जखमी झाला होता. विषयांतर झालं, पण राहवलं नाही.

बाजीप्रभूंचा दाखला देणारे हमखास भेटतात. त्यांना एवढंच सांगतो: घोडखिंडीतही हिशोब विशाळगडावरच्या तोफांच्या आवाजाचा होता, खिंडीच्या मालकीचा नव्हता.

तोफा आधी मागे पाठवल्या की शत्रू रांगेतूनच थेट अंगावर येतो, कारण त्याला लांबून पसरायला लावणारं काही उरत नाही. शेवटून दुसऱ्या टर्नला त्या घोड्यांना जुंपून न्या, पहिल्या टर्नला नको. देलाबोर्दच्या 3 तोफा गेल्या, हे मान्य. पण 12 मार्च 1811 ला पोर्तुगालमधल्याच रेदिन्याला फ्रेंच मार्शल ने यानं मागे अरुंद पूल असूनही वेलिंग्टनला सगळं सैन्य मांडायला लावलं आणि ते मांडून होताच तो पुलापलीकडे सटकला.

घोडदळ राखायचं कशासाठी? रोलिसाला मागे सरणाऱ्या बटालियनना श्वास मिळाला तो मूठभर फ्रेंच स्वारांच्या छोट्या छोट्या हल्ल्यांमुळे. हे स्वार दमले, विस्कटले, तरी चालेल. नाहीतरी उद्या त्यांचं काय करणार आहात?

‘फुकटचे बळी’ मात्र अर्धसत्य आहे. 14 ऑगस्ट 1812 ला रशियात क्रास्नीहून स्मोलेन्स्ककडे माघार घेणाऱ्या रशियन सेनापती नेवेरोव्स्कीच्या डिव्हिजनमध्ये बरेचसे नवशिके शिपाई होते. नेपोलियनचा घोडदळ-सेनापती मुरा यानं त्यांच्यावर पुन्हा पुन्हा घोडदळ घातलं. सात हजारांतले दीडेक हजार गेले, पण गठ्ठा फुटला नाही. रस्त्याच्या दुतर्फा झाडं आणि चर होते, आणि मुरा तोफखान्याची वाट न बघता धडका देत राहिला. तुमच्यासमोरचा खेळाडू मुराइतका उतावळा नसेल, घोड्यांबरोबर तोफाही आणेल, तर उघड्या मैदानावर तुमचे चौकोन (घोडदळाला रोखायला पायदळ करतं ते चौफेर गठ्ठे) टिकणार नाहीत. अशा पटावर सल्ला देणारे बरोबर ठरतात.

हरायचाच डाव? 16 नोव्हेंबर 1805 ला ऑस्ट्रियातल्या शोंगराबर्नला रशियन पिछाडीचा सेनापती बाग्रातियोन यानं फ्रेंचांना अडवताना फौजेचा मोठा हिस्सा गमावला, आणि रशियन सरसेनापती कुतुझोव्हचं मुख्य सैन्य निसटलं. पटावर नुसती प्रेतं मोजाल तर तो हरला. सिनारिओ (खेळातल्या लढाईची मांडणी आणि अटी) लिहिणाऱ्यानं विजयाची अट टर्नमध्ये बांधली नसेल, तर चूक त्याची आहे, माघारीची नाही. (बाग्रातियोनच्या लढाईआधी तहाच्या बोलण्यांत मुराला गुंतवून जो वेळ मिळवला, तो कुठल्या फाशावर बसवायचा हे मला अजून सुचलेलं नाही.)

उलट वेळेत न निघाल्याची किंमत बघायची तर 24 जुलै 1810, पोर्तुगालमधली कोआ नदी. इंग्रज सेनापती क्रॉफर्ड नदीच्या शत्रूकडच्या काठावर, पाठीशी एकच पूल घेऊन थांबून राहिला. फ्रेंच मार्शल ने यानं गाठलं तेव्हा त्याची लाइट डिव्हिजन कशीबशी पूल ओलांडून आली, तीनशेच्या वर माणसं गमावून. पलीकडे पोचल्यावर तीच माणसं खडकांआड बसली, आणि पुलावर धावून येणारे फ्रेंच तिथे धडाधड कोसळले.