पोट घरी ठेवून परदेशी कसं जावं

मुलगी जर्मनीला आहे, सारखी बोलावतेय. इकडे तुमच्या मोठ्या आतड्यात आठ वर्षांपासून अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे आतड्याला आतून सूज आणि जखमा करणारा आजार, मुक्कामाला आहे. घाबरू नका. आमचा सल्ला ऐका आणि बिनधास्त निघा.

जर्मनीला जायला लागणाऱ्या शेंगेन व्हिसाला किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा लागतो, तेव्हा एजंट गाठा. अमळनेरात तो नात्यातलाच निघेल. फॉर्मवर ‘पूर्वीपासून काही आजार?’ असा रकाना येतो. तिथे तुमचा पेन अडखळला की तो मान वर न करता म्हणेल, ‘काही व्हत नही, आप्पा. सही करा.’ करून टाका. आठ वर्षं गावाला ‘अ‍ॅसिडिटी’च सांगत आलात, मग कंपनी काय सोयऱ्यांपेक्षा जवळची आहे? शरीराची प्रतिकारशक्तीच आतड्यावर उलटते, हे डॉक्टरांनी सांगून पाहिलं; पण आत्याबाईंनी शेवभाजीवर ठपका ठेवलाय, आणि तो काही उठत नाही.

खरं लिहिलंत तर भानगडी वाढतात. जास्त प्रीमियम मागतील, डॉक्टरांचं पत्र मागतील. एवढं करून काही पॉलिसी म्हणतात, जुना आजार उफाळला तर फक्त जिवावर बेतल्यावरच पैसे, तेही ठरावीक रकमेपर्यंत. दिवसातून बारा वेळा संडासला पळणं जिवावर बेतणं नव्हे, असं ठरवणारा माणूस स्वतः कधी बारा वेळा गेलेला नसतो.

घरच्या आरोग्य विम्यात जुन्या आजारासाठी थांबायची कमाल मुदत 2024 मध्ये 48 महिन्यांवरून 36 वर आली. ही सवलत आपल्या 21 दिवसांच्या सहलीलाही लागू आहे, असं समजून खुशाल राहा.

आता बॅग. 2 ते 8 अंशांत ठेवायचं इंजेक्शन असेल, तर ते मोठ्या बॅगेत कळण्याचं पीठ आणि बिबड्यांच्या मधोमध खुपसा. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 वर जातो. इंजेक्शनलाही जरा खान्देश कळू द्या. हातातल्या पिशवीत औषधं आणि डॉक्टरांची चिठ्ठी ठेवणारे लोक भित्रे. मुंबईपर्यंतच्या रेल्वेच्या तिकिटावर 45 पैशांचा विमा मात्र घ्याच. गाडीला अपघात झाला तर तो मिळतो. डब्यातल्या संडासाला आतून कडी आणि बाहेर तुम्ही, हा अपघात त्यात धरत नाहीत.

तिकडे आजार उफाळलाच, तर लेकीला दवाखान्यात नेऊ नका. शिकलेली पोर, तिथेच घोळ. डॉक्टरांनी विचारलं, ‘कधीपासून?’ की ती सरळ सांगते, ‘आठ वर्षं.’ डॉक्टर ते लिहून घेतात. बिचाऱ्यांना उपचार करायचे असतात, त्यांना तुमचा रकाना काय ठाऊक! मग क्लेमसोबत कागदांचा गठ्ठा कंपनीकडे जातो. रक्ताचे रिपोर्ट, कोलोनोस्कोपीचे रंगीत फोटो, युरोतली बिलं. त्यातली ती एकच ओळ तिथला माणूस दोनदा वाचतो. एका हातात ‘आठ वर्षं’, दुसऱ्या हातात ‘नाही’. आणि ‘नाही’खाली सही एजंटाची नसते, तुमची असते. एजंट तेव्हा हळदीला गेलेला असतो, डीजेत फोन ऐकू येत नाही.

विम्याचं एकूण म्हणणं एवढंच, की आजार नवा असावा, ओळखीचा नसावा. ज्याच्यासोबत तुम्ही आठ वर्षं झोपलात-उठलात, तोच नेमका चालत नाही.

परत आल्यावर स्टेशनवर लोक विचारतीलच, ‘आप्पा, इतके वाळले कशाने?’ नेहमीचं सांगा, तिकडचं पाणी बाधलं. खरोखर पाणीच बाधलं असतं, तर कंपनीने बिल भरलं असतं.