'दुर्बिणीचे पैसे उगाच लावले' या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार भाऊ, तुमचा रिव्ह्यू पूर्ण वाचला. तुमचं म्हणणं की ॲडेनॉइड, म्हणजे नाकामागची टॉन्सिलसारखी गाठ, तोंडातून खरवडून दहा मिनिटांत निघतं, पुतण्याचं तसंच झालं, मग आम्ही दुर्बीण (आत बघायचा बारीक कॅमेरा) अन् मशीनचे पैसे कशाला लावले, आणि वरून लेकराच्या तोंडाला वास येतोय. बाळाच्या फाइलमधलं मी इथे काही लिहिणार नाही, पण दुर्बिणीबद्दल सांगतो, कारण ओपीडीत बाकीचे आईबाप पण हेच विचारतात.

टॉन्सिल तोंड उघडलं की दिसतात, ॲडेनॉइड दिसत नाही, ते नाकाच्या मागे टाळूच्या वर असतं. जुन्या पद्धतीत क्युरेट नावाचं वाकडं अवजार तोंडातून वर घालून खरवडतात अन् काही राहिलं का ते बोटाने नाहीतर छोट्या आरशाने बघतात. ती पद्धत चुकीची आहे असं मी अजिबात म्हणत नाही, मी पण तीच शिकलो, अनुभवी हाताने आजही चांगली होते. पण नाक मागे घशाकडे उघडतं तिथे घुसलेला तुकडा आणि कानातून नाकामागे येणाऱ्या नळीजवळचा भाग क्युरेटला नीट लागत नाही, अन् नेमका तोच राहिला तर पोरगं परत तोंड उघडं टाकून घोरतं, कानात पाणी साचून राहतं, हाक मारली तर ऐकत नाही.

दुर्बिणीने हे सगळं स्क्रीनवर दिसतं. नाकातून पातळ रबरी नळी घालून तोंडातून बाहेर काढतो, तिने टाळू ओढून धरतो, मग मायक्रोडिब्रायडरने, म्हणजे फिरत्या ब्लेडच्या मशीनने, थोडं थोडं काढत कानाच्या नळीची कड सांभाळायची, शेवटी रक्त कुठून येतंय ते बघून तिथेच थांबवायचं. यात वेळ जास्त जातो, ब्लेडचा खर्च वेगळा, बिलातली ती ओळ त्याचीच आहे.

परत वाढणारच नाही अशी गॅरंटी मी कोणालाच देत नाही, लहान पोरांत कधी कधी वाढतं. आणि सगळ्यांनाच ऑपरेशन लागतं असंही नाही, बऱ्याच जणांना आधी नाकाचा स्प्रे देऊन बघतो, वयाबरोबर ॲडेनॉइड आकसतं पण. शंका असेल तर नागपूरच्या मेडिकल नाहीतर मेयो या सरकारी दवाखान्याच्या ईएनटी ओपीडीत खुशाल दाखवा, मला राग नाही.

वासाचं म्हणाल तर जखम भरताना आठवडाभर येतो, कुठल्याही पद्धतीने केलं तरी, पाणी भरपूर पाजा. पण नाकातोंडातून ताजं लाल रक्त आलं तर रात्र असो की दिवस, फोन करत बसू नका, सरळ घेऊन या.