फक्त लोगोचा फरक? तितकंही सोपं नाही

एका लेखात म्हटलंय की टोयोटाची ग्लान्झा म्हणजे मारुती सुझुकीची बलेनोच, फक्त लोगो बदललेली. २०१९ च्या ग्लान्झाबद्दल अगदी मान्य. तेव्हा ग्रिल आणि लोगो सोडले तर ओळखायची सोय नव्हती. पण २०२२ नंतर? आमच्या पार्किंगमध्ये दोन्ही शेजारी उभ्या असतात, दोन्ही पांढऱ्या. दारं, छत, काचा, डिकी सगळं एकाच साच्यातलं. समोरून मात्र बंपर, ग्रिल, दिवे वेगळे. बलेनोच्या दिव्यात तीन ठिपके पेटतात, ग्लान्झात नाही. आतही बलेनो काळी-निळी, ग्लान्झा काळी-बेज (लहान मुलं असतील तर बेजचा विचारही करू नका!).

इंजिन तेच १.२ लिटरचं, कारखानाही सुझुकीचाच, गुजरातमधला. ग्लान्झाचं बॉनेट उघडलं की सुट्या भागांवर सुझुकीचं नाव सापडतंच.

खरा फरक वॉरंटीत होता. टोयोटा ३ वर्षं किंवा १ लाख किमी द्यायची, मारुती २ वर्षं किंवा ४० हजार. जुलै २०२४ पासून मारुतीनेही ३ वर्षं, १ लाख केली. त्यामुळे सेकंड हँड बघणाऱ्यांनी गाडीची डिलिव्हरी कधीची आहे ते आधी विचारा, लोगो नंतर बघा.